गुडघाभर पाण्याचं अपील

रेमीला शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांच्या, खात्यात घेतलं नाही, ही बातमी नदीच्या दोन्ही काठांना एकाच दुपारी कळली, आणि ती कळवली चोनाआत्यानं. ला वेगा या आमच्या गावाचं टपाल तिच्या दुकानात येतं. जिल्ह्याच्या शिक्क्याचं पाकीट पातळ असलं की आत नकार असतो, हे तिला ते न फोडताच समजतं. रेमीनं दुकानातच पाकीट फोडलं, वाचलं, घडी घालून खिशात कोंबलं आणि विचारलं, थंड सोडा आहे का. तिनं सोडा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि मागच्या दारानं नदीवर जाऊन पलीकडे हाक मारली.

आमच्याकडे हाक ताणून मारतात. नावाचं शेवटचं अक्षर समोरच्या कड्याला लागून परत आलं पाहिजे, तर ती हाक. प्रत्येक बाईची वेगळी असते, आणि पोरं डोळे मिटूनही आपल्या आईची ओळखतात. पलीकडच्या सान तादेओ गावात रेमीची आई दोन्या फेलिपा अंगणात मिरच्या वाळत घालत होती. ऐकून ती थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग उलट हाक आली, जेवला का तो?

जेवला नव्हता. त्या दिवशी तो पलीकडेही गेला नाही. दुकानाच्या पायरीवर बसून राहिला, आणि चोनाआत्यानं दोनदा विचारलं तरी एकदाच बोलला. "यंत्र म्हणतंय मी खोटारडा आहे, आत्या."

"यंत्राच्या बापाला काय माहीत," आत्या म्हणाली. "तुला धड खोटं बोलता आलं असतं तर आतापर्यंत तुझं लग्न झालं असतं."

आता ही नोकरी म्हणजे काही फार मोठी नव्हती. ला वेगात जिल्ह्याचा एक शिपाई राहतो. त्याच्याकडे एक जुनी पिकअप गाडी, एक बिनतारी फोन आणि नदीकाठचा सगळा ओसाड मुलूख. हरवलेली गुरं शोधायची, दारू पिऊन भांडणारे वेगळे करायचे, उन्हाने चक्कर आलेला परका माणूस सापडला तर त्याला पाणी पाजून जिल्ह्याच्या गावी न्यायचं. एवढंच. पण ती नोकरी करणाऱ्याला ला वेगातच राहावं लागतं, आणि रेमीला नेमकं तेच हवं होतं. लुपे आर्मेन्दारिसनं ती जागा अर्धं आयुष्य अडवून ठेवली होती. तो यंदा निवृत्त होणार होता. ही संधी हुकली तर पुढचा माणूस म्हातारा होईपर्यंत वाट बघा.

रेमी तेव्हा उत्तरेला तेलविहिरींवर काम करायचा. तिथली माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात, डब्यातलं खातात आणि एकमेकांना आडनावानं हाका मारतात. पगार चांगला. बाकी काय चांगलं, ते रेमीला इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं. भर दुपारी लोखंडी पाइपाला मिठी मारून उभा असताना त्याला वाटायचं, आता आईनं चुलीवर तवा ठेवला असेल. आता ती कुणाला तरी हाका मारत असेल, आणि आपण सोडून गावातली सगळी पोरं जेवायला जात असतील. चाळिशीकडे झुकलेला बाप्या, पण तिथे भोंगा वाजला की तो मान वळवायचा ती दक्षिणेकडे. सोबतची माणसं हसायची. तोही हसायचा.

आई पलीकडे का, असं कुणी परकं माणूस विचारतं तेव्हा आम्ही म्हणतो, ती पलीकडचीच. ती सान तादेओची पोर. लग्न होऊन ला वेगाला आली, इथेच संसार केला, इथेच रेमी झाला. कागद कुणी विचारला नाही, म्हणून तिनं काढला नाही. मग तिची म्हातारी आई आजारी पडली. ती पलीकडे शुश्रूषेला गेली, आणि ती तिथे असतानाच सरकारला अचानक आठवलं की ही नदी म्हणजे देशाची हद्द आहे. माणसांची ने-आण करणारी होडी बंद झाली. काठावर पाट्या लागल्या. फेलिपा तिकडे राहिली, नवरा आणि पोरगा इकडे. पूल आहे, नाही असं नाही. पण पुलावरून जायचं तर सकाळी निघालेला माणूस तिन्हीसांजेला पोचतो, आणि कागद नसेल तर पोचतच नाही. नदीतून जायचं तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची.

आणि आम्ही दुमडायचो. बारसं असो, बाराव्याचं जेवण असो, नाहीतर नुसता रविवार. आमच्यापैकी कुणाच्याही मनात कधी आलं नाही की आपण काही ओलांडतोय. आईकडे जेवायला जाणाऱ्याच्या मनात असं येत नाही. रेमीचं चुकलं ते इथेच.

परीक्षा जिल्ह्याच्या गावी झाली. खोटं पकडणारं ते यंत्र चालवणारा हॉलकॉम हा निवृत्त फौजदार. सभ्य माणूस, आवाज मऊ, बोटं स्वच्छ. त्यानं आधी सगळे प्रश्न वाचून दाखवले, म्हणजे नंतर कुणी दचकू नये. चोरी केली आहे का. नशेचं काही घेतलं आहे का. कधी कुणाला कायदा टाळून या देशात आणलं आहे का. रेमीनं या शेवटच्याला चटकन नाही म्हटलं. ट्रकमध्ये माणसं कोंबून आणणारे, पैसे घेऊन त्यांना वाळवंटात सोडून देणारे, अशी मंडळी त्याच्या डोळ्यांसमोर आली होती, आणि त्यांच्यात आपण नाही याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

मग छातीला आणि पोटाला रबरी नळ्या बांधल्या, दंडाला पट्टा, बोटांना चिमटे. हॉलकॉम म्हणाला, भिंतीकडे बघा, हलू नका. असं हलू नका म्हटल्यावर माणसाचं मन हलायला लागतं. प्रश्न तेच, तेवढ्याच संथ आवाजात. कायदा टाळून कुणाला आणलं आहे का? आणि कोऱ्या भिंतीकडे बघताना रेमीला त्याचा बाप गेला तो दिवस दिसला.

हिवाळा होता. पाणी मांडीएवढं आणि बर्फासारखं गार. बापाची पेटी इकडे, चर्चच्या मागच्या दफनभूमीत, खड्डा तयार. आई तिकडे काठावर काळ्या कपड्यांत उभी. ती चालतच येणार होती, पण रेमी म्हणाला, ओल्या घागऱ्यानं तू बाबांना माती देणार नाहीस. तो तेव्हा विशीतला. पलीकडे गेला, पाठ वाकवली आणि तिला पाठीवर घेऊन आला. ती अगदी हलकी लागली, एवढी की त्याची त्यालाच भीती वाटली. नदी संपेपर्यंत त्याच्या मानेला तिचा श्वास लागत होता. माती दिली, आणि ऊन उतरायच्या आत त्यानं तिला तसंच परत नेऊन सोडलं. त्यानंतर तिनं इकडच्या काठावर पाऊल ठेवलेलं नाही. माझ्यापायी तुला कुणी पकडायला नको, म्हणायची.

"नाही," रेमी भिंतीकडे बघत म्हणाला, आणि यंत्राच्या रेघा उड्या मारू लागल्या.

हॉलकॉमनं तोच प्रश्न तीन वेळा फिरवून विचारला. तिन्ही वेळा तेच. शेवटी खुर्ची जवळ ओढून म्हणाला, या एका प्रश्नाशी तुमचं काहीतरी आहे, सांगून मोकळे व्हा. आईचं नाव या स्वच्छ खोलीत, या नळ्यांच्या मध्ये घ्यायचं रेमीच्या जिवावर आलं. म्हणाला, काही नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पातळ पाकीट.

लुपे आर्मेन्दारिस त्याच संध्याकाळी आला. नोकरीसाठी रेमीचं नाव त्यानंच सुचवलं होतं, त्यामुळे नकार त्याला स्वतःच्या थोबाडीत बसल्यासारखा लागला होता. तो म्हणाला, अपील कर. आपल्या जिल्ह्यात ते करता येतं, तिघांची समिती बसते, आणि त्यांना एखादं बरंसं कारण दिलं की दुसऱ्यांदा परीक्षा देता येते. नाहीतर यादीत तुझ्यामागे जो आहे तो येईल. जिल्ह्याच्या गावचा पोरगा आहे, नदी म्हणजे काय हे त्याला नकाशावर दाखवावं लागेल.

"कारण काय देऊ, लुपेकाका?"

लुपेनं ते तयारच ठेवलं होतं. तेलविहिरीवर एका पोराची बोटं यंत्रात गेली होती ना, तीच गोष्ट सांग. म्हण, बोटांना चिमटे लावले आणि मला ते रक्त आठवलं, म्हणून काळीज उडालं. गोष्ट खरी आहे, फक्त ती त्या वेळी आठवली नव्हती. आणि दुसऱ्यांदा बसशील तेव्हा मनात उलटे आकडे म्हणत राहा.

"तुम्ही म्हणाला होता का उलटे आकडे?"

"मी लागलो तेव्हा यंत्र नव्हतं. जुन्या शेरीफनं एकच विचारलं, घोड्यावर बसता येतं का."

"येत होतं?"

"छे. हो म्हणालो." लुपेनं टोपी डोक्यावर चढवली. "लेका, असं सगळं खरं बोलून कुणाला सरकारी नोकरी लागली असती, तर सगळी कचेरी रिकामी असती."

रविवारी रेमी पलीकडे गेला. आईनं असादो, म्हणजे लाल मिरचीतला मटणाचा रस्सा, केला होता, आणि तो बसेपर्यंत ती तव्यावर एकामागून एक तोर्तिया टाकत राहिली. त्यानं यंत्राचं सगळं सांगितलं, फक्त भिंतीवर काय दिसलं ते शेवटी सांगितलं. ती पाठमोरी होती. तिचे हात थांबले.

"मग? यंत्राला माझं वजन झेपलं नाही होय?"

रेमी हसला नाही. त्यानं तिच्यापुढे पेच ठेवला. लुपेकाकाची गोष्ट सांगितली तर कदाचित निभावेल. खरं सांगितलं तर नोकरी जाईलच, वर तिचं नाव कागदावर येईल. इतकी वर्षं तो मनात धरून होता की एक दिवस तिचा रीतसर कागद करू, तिला पुलावरून गाडीत बसवून घरी आणू. ते मग या जन्मी होणार नाही.

आई येऊन समोर बसली. तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं, तो नको म्हणत असताना. मग म्हणाली, तिला पुलावरून यायची हौस नाही. पुलापर्यंत जायचं म्हणजे दिवस मोडतो आणि कंबरही. तिला एकच हवंय. रात्री अंगणात उभं राहिलं की समोर आपल्या घरात दिवा दिसावा. दिवस दिवस ते घर अंधारात बघून तिचा जीव विटून गेलाय. घर कुणाचंही नसल्यासारखं दिसतं, म्हणाली.

"तू ये रे त्या घरात राहायला. बाकी मला काही नको."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"सांगून टाक. बायकोला नवऱ्याच्या मातीला नेलं, त्यात लाजायचं काय? तुला खोटं बोलायला मी तरी शिकवलेलं नाही. तुझा बाप शिकवायला बघायचा, पण तू पडलास माठ."

जेवून तो परत निघाला तेव्हा पाण्याच्या मध्यावर त्याच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. शिपायाचा शर्ट घातल्यावर हे असं येता येईल का? त्यानं ती तिथेच सोडली. आधी नोकरी तर लागू दे, मग बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. भुकेलेला माणूस ताटातल्या मिठाचा विचार आधी करत नाही.

समितीची बैठक कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. मधोमध मिसेस टिडवेल, पूर्वीच्या शाळामास्तरीण, आता नवऱ्यामागे मोठं कुरण एकट्यानं सांभाळणारी बाई. दोन्ही बाजूंना दोन पुरुष, एक औषधांच्या दुकानाचा मालक, दुसरा कुंपणाच्या तारा विकणारा. एका खुर्चीवर हॉलकॉम गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. मागे लुपे कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि रेमी उभा राहिला तेव्हा त्यानं त्याच्या पाठीवर चापट मारली.

मिसेस टिडवेलनी कागद चाळले आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मला एवढंच समजून घ्यायचंय. त्या प्रश्नाला तुमच्या मनात काय होतं?"

"बाई, मी तेलविहिरीवर काम करतो. तिथे एका पोराची बोटं..."

आणि तो अडकला. ते पोरगं त्याला खरंच दिसलं, पत्र्यावर बसून स्वतःच्या हाताकडे बघणारं. आईचं नाव घ्यायचं नाही म्हणून दुसऱ्याच्या रक्ताचं नाव घ्यायचं, हे काही त्याला जमेना. खोली त्याची वाट बघत होती. मागे लुपेनं हळूच खाकरून त्याला पुढे ढकलायचा प्रयत्न केला.

"ते नव्हतं," रेमी म्हणाला. "माझी आई होती."

मग सगळं बाहेर पडलं. हिवाळा, पेटी, काळे कपडे, तिचं वजन. ती अजून तिकडेच आहे, आणि त्या दिवसानंतर ती आलेली नाही, आपणच जातो. प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा हे त्यात बसतं असं खरोखर वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाटलं, पण तोवर नाही म्हणून झालं होतं. हॉलकॉमनं मान हलवली, आपलं यंत्र बरोबर होतं एवढंच समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं, दुसरं काही नाही. लुपेनं डोळे मिटून घेतले.

कुंपणवाल्यानं विचारलं, शेवटचं कधी गेला होता.

"गेल्या रविवारी."

"कशासाठी?"

"जेवायला."

दोघेही पुरुष हसले. औषधवाला म्हणाला, माझ्या लहानपणी आमच्या तबेल्यातली सगळी माणसं तिकडेच जेवायला जायची. मिसेस टिडवेल हसल्या नाहीत. त्यांनी कागद गोळा केले आणि तिघंही शेजारच्या खोलीत गेले.

रेमीनं आशा सोडलीच होती. त्याच्या मनात पत्र्याची खोली, डब्यातलं जेवण, आणि आईच्या समोरचं काळं घर, सगळं ओळीनं येऊन बसलं. लुपेनं फक्त एवढंच म्हटलं, "बापाकडून थोडंसं तरी शिकायचंस रे."

ते परत आले आणि मिसेस टिडवेलच बोलल्या. म्हणाल्या, मातीची गोष्ट फार जुनी आहे, तिच्यासाठी आता कुणी कुणाला धरत नाही. आणि या जिल्ह्याला नदी ओळखणारा माणूस हवाय, शिवाय कुणी नीट पढवून आणलं तरी ज्याला खोटं बोलता येत नाही असा. इथे त्यांनी एकदा लुपेकडे बघितलं. तेव्हा नकार रद्द. पण तीन गोष्टी.

"आजपासून तुम्ही पुलाशिवाय पलीकडे जाणार नाही. तुमच्या डोळ्यांसमोर कुणी पाण्यात उतरलं तर त्याला परत पाठवाल, मग ते कुणीही असो. आणि दर वर्षी मिस्टर हॉलकॉम तुम्हाला यंत्राच्या खुर्चीत बसवून या दोन गोष्टी पाळल्यात का ते विचारतील. कबूल?"

रेमीला फक्त 'नकार रद्द' ऐकू आलं होतं. बाकीचं आलं ते कुठेतरी लांबून, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं. "कबूल," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. लुपेनं त्याला एवढी घट्ट मिठी मारली की शर्टाची इस्त्री गेली.

चोनाआत्यानं पलीकडे हाक मारली तेव्हा आईनं दोन्ही हात वर केले. नदीच्या रुंदीवरून तिचा चेहरा दिसत नाही, पण हात वर केलेली बाई दिसते. ला वेगातल्या घराची दारंखिडक्या रेमीनं उघडली, झाडलोट केली, आणि अंधार पडल्या पडल्या बापाचा जुना कंदील पुढच्या खिडकीत लावला. पलीकडून कुणीतरी थाळी बडवली. तो हसत दारात उभा राहिला. माणूस जन्मभर ज्यासाठी झुरतो ते असं अचानक हाती आलं की त्याला दुसरं काही सुचत नाही.

सुचलं ते रविवारी. दुपार झाली, पलीकडे चुलीचा धूर निघाला, आणि हाक आली. 'रे', मग 'मी', मग तो 'मी' लांबत लांबत कड्यापर्यंत. तो काठावर गेला, आणि सवयीनं वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. हात तिथेच राहिले. तो उठला आणि त्यानं उलट हाक मारली, आज नाही जमत. पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्या वेळी चोनाआत्याला राहवलं नाही. तिनं एका पोरीला सांगून पाठवलं, आणि दोन्या फेलिपाला कळलं की तिचा मुलगा पूल सोडून दुसऱ्या वाटेनं येऊ शकत नाही. पूल म्हणजे एका दिवसाचा रस्ता, आणि शिपायाला एक दिवसही गाव सोडून जाता येत नाही.

त्यानंतर हाक बंद झाली. रेमीला वाटलं होतं, ती रागावेल, शिव्या देईल, लोकांकडून टोमणे पाठवील. ते सोसलं असतं. पण रविवारी धूर निघायचा आणि नदी नुसती वाहत राहायची, आणि त्याला जेवण जाईनासं झालं. तेलविहिरीवर तो तिच्यापासून खूप लांब होता, पण तिथे तो वाट तरी बघू शकत होता. इथे ती अंगणात कपडे वाळत घालते हे त्याला दिसायचं. कुठल्या रंगाचे आहेत तेसुद्धा. तिला खोकला झाला तर ऐकू यायचा. कधी कधी सबंध दुपार तो पिकअपमध्ये बसून समोर बघायचा. उठवत नव्हतं.

एका रविवारी तो काठाच्या वळणावर एकटाच होता. समोरून आई खाली येताना दिसली. एका हातात फडक्यानं बांधलेलं ताट, दुसऱ्या हातात चपला. तिनं घागरा वर खोचला आणि पाण्यात पाय घातला. बाप गेल्यानंतर पहिल्यांदा.

रेमी गाडीतून उतरून धावत पाण्याच्या कडेपर्यंत गेला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कुणी बघत नव्हतं, कुणी बोलणार नव्हतं. पण त्याच्या छातीत जे सुरू झालं ते त्याला ओळखीचं होतं, आणि ते पुढच्या वर्षी त्या खुर्चीत लपणार नाही हेही. ती हळूहळू येत होती, म्हातारी माणसं पायाखालचे दगड चाचपत येतात तशी. पाणी गुडघ्याच्या थोडं वर. ती मध्यावर आली तेव्हा तिला तो नीट दिसला असावा, कारण ती हसली.

"आई, थांब."

"अरे, पाणी काही गार नाहीये."

"आई." त्याचा आवाज फाटला. "परत जा."

ती थांबली. ताट छातीशी धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. शर्टाकडे, बिल्ल्याकडे, कोरड्या बुटांकडे. एवढ्या जवळून तिनं ते कपडे पहिल्यांदाच बघितले होते.

"शर्ट छान बसलाय," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "जाते हं, साहेब."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तसा असता तर त्यानं तो धरून ठेवला असता. ती वळली आणि पुन्हा दगड चाचपत निघाली. रेमी बघत उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला वाटलं, तिचा पाय घसरावा. माणूस बुडत असेल तर शिपायानं पाण्यात उतरायचं असतं, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. एकदा ती झोकांडली, ताट हेलकावलं, आणि त्याचा एक बूट पाण्यात गेला. पण तिनं तोल सावरला आणि ती पलीकडे पोचली.